जुन्या फोटोंच्या आणि पोस्टकार्डांच्या मेळ्याला जाऊन आलो, पुढे जाणाऱ्यांसाठी थोडं

बरेच दिवस जायचं जायचं चाललं होतं, शेवटी यावेळी जमलं. जाऊन आल्यापासून दोन-तीन जणांनी तेच विचारलं, की तिथे जाऊन करायचं काय, ओळखायचं कसं, फसणार नाही ना, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतो. लांबलंय, निवांत वाचा.

हॉल उघडायच्या आधीच दाराशी गर्दी होती. दार उघडल्यावर निम्मे लोक सरळ काचेच्या शोकेसकडे धावले, कारण नावाजलेल्या स्टुडिओंचे फोटो, मखमली डबीतले डॅगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचे अगदी सुरवातीच्या काळातले फोटो), विमानांची आणि जहाजांची कार्डं तिथे असतात. नवीन माणसाने तिकडे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे वस्तू हातात मिळत नाही, मिळाली तरी मागे माणूस उभा, आणि शिकायला काहीच मिळत नाही कारण सगळं आधीच कोणीतरी ओळखून, लेबल लावून ठेवलेलं. खरी मजा टेबलाखालच्या खोक्यांमधे. न निवडलेला माल, फाटका, डागाळलेला, सगळ्या काळातला एकत्र. मी दुपारपर्यंत तिथेच मांडी घालून बसलो होतो आणि उठलो तेव्हा गुडघे वाजत होते.

सोबत एक काका होते, ते मूळचे स्टॅम्पवाले, म्हणजे पोस्टाची तिकिटं जमवणारे. मी एक समुद्रकिनाऱ्याचं कार्ड कौतुकाने बघत बसलो होतो तर म्हणाले, "अरे चित्र काय बघत बसलायस, आधी उलटं कर." आणि खरंच, दिवसभर सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. मागची बाजू मधे रेघ मारून दोन भागात वाटलेली आहे का बघायचं, म्हणजे डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता. नसेल वाटलेली, पूर्ण बाजू फक्त पत्त्यासाठी असेल, तर कार्डाचा नमुना बहुतेक जुना, कारण पूर्वी त्या बाजूला मजकूर लिहायला परवानगीच नव्हती. ही वाटलेली पाठ ब्रिटनने १९०२ मधे चालू केली, जर्मनीने १९०५ आणि अमेरिकेने १ मार्च १९०७ पासून. त्याच्या आधीच्या कार्डांवर लोक चित्राच्याच कडेला, आकाशाच्या जागेत, कोपऱ्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात निरोप लिहायचे, त्यामुळे चित्रावर शाई आहे म्हणून कार्ड बाजूला टाकू नका, त्या काळात लिहायची जागाच ती होती.

पोस्टाच्या शिक्क्याची तारीख मात्र सावधपणे घ्यायची. शिक्का एवढंच सांगतो की त्या दिवशी कार्ड पोस्टात पडलं. फोटो त्याच्या किती आधीचा ते सांगत नाही. प्रकाशक एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरायचे. एका खोक्यात मला एकाच रस्त्याची दोन कार्डं मिळाली, तीच माणसं, तीच सावली, तोच कुत्रा फुटपाथवर, फक्त एकात रस्ता रिकामा आणि दुसऱ्यात मधोमध ट्राम. भिंगाखाली धरलं तर ट्रामची चाकं रुळांना टेकतच नव्हती, हाताने रंगवून घातलेली, आणि तिची सावली उलट्या बाजूला! शहर आधुनिक दिसावं म्हणून कोणीतरी छापखान्यात बसून ती घातली असणार. रंगांचंही तसंच, पहिल्या महायुद्धाआधी कितीतरी देशांची कार्डं जर्मनीत छापली जायची आणि रंग भरणाऱ्या माणसाने ते गाव बघितलेलं असायचंच असं नाही. म्हणजे रंगीत कार्डावरून घराचा दरवाजा हिरवा होता असं कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

आता भिंग. दहापट मोठं दाखवणारं, दागिने बघायला वापरतात तसलं छोटं, बास. यापेक्षा जास्त पॉवरचं घेतलं तर हात हलतो आणि काही दिसत नाही. कार्ड किंवा फोटो भिंगाखाली धरला की पहिला प्रश्न एकच, ठिपके आहेत का? ओळीत, जाळीसारखे एकसारखे ठिपके दिसले तर ते छापील, म्हणजे हाफटोन. ठिपके नाहीत पण बारीक वेडीवाकडी सुरकुतल्यासारखी रवाळ नक्षी दिसते तर बहुतेक कोलोटाइप, तेही छापीलच पण फार देखणं, चांगल्या कोलोटाइपला साध्या डोळ्यांनी सगळे जण फोटोच समजतात. आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सगळं सलग, कुठेही नक्षी नाही, तर खराखुरा फोटो, ज्याला सगळे रिअल फोटो कार्ड म्हणतात. अजून एक प्रकार लक्षात ठेवा, निळे गुलाबी पिवळे ठिपके विस्कटलेले, कुठलीच जाळी नाही, तर ते इंकजेट. शंभर वर्षं जुन्या दिसणाऱ्या चॉकलेटी फोटोत असे रंगीत ठिपके दिसले की तो घरच्या प्रिंटरवर काढलेला आहे. मला खोक्यात असे बरेच सापडले, एक तर चहात बुडवल्यासारखा एकसारखा तपकिरी, पाठीमागूनही तेवढाच तपकिरी. खरा जुना कागद असा सगळीकडे सारखा पिवळा पडत नाही, कडा जास्त, मधे कमी, फ्रेमखाली झाकलेला भाग वेगळा.

रिअल फोटो कार्डं मला व्यक्तिशः सगळ्यात जास्त आवडतात, कारण ती पुष्कळदा अगदी मोजक्या प्रती काढलेली असतात. कोडॅकने १९०३ मधे ३ए नावाचा फोल्डिंग कॅमेरा काढला, त्याची निगेटिव्ह थेट पोस्टकार्डाच्या मापाची, मग काय, लोकांनी स्वतःचं घर, दुकान, पूर, अपघात, मेलेला कोल्हा हातात धरून उभा शिकारी, सगळं कार्डावर छापून पाठवायला सुरवात केली. या कार्डांच्या मागे तिकिटाच्या जागेचा चौकोन नीट बघा. कागद बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं, उदाहरणार्थ ॲझो, आणि कोपऱ्यात बारीक खुणा. ॲझोचे चारही त्रिकोण वर टोक करून असतील तर साधारण १९०४ ते १९१८, दोन वर दोन खाली असतील तर १९१८ ते १९३०, आणि त्रिकोणांऐवजी छोटे चौकोन असतील तर त्यानंतरचं, थोडं मागेपुढे. मी एक बर्फात अडकलेल्या रेल्वे इंजिनाचं कार्ड असंच ओळखलं, स्टॉलवाल्याने खोक्यावर एकोणिसाव्या शतकातलं असं लिहिलेलं, आणि मागे दोन त्रिकोण वर, दोन खाली. त्याला दाखवलं तर बिचाऱ्याने हसून लेबलच फाडलं. वाद घालू नका, फक्त दाखवा, बरेचसे विक्रेते स्वतःच हौशी असतात.

कापडासारखी खडबडीत पोत असलेली भडक रंगाची लिनन कार्डंही भरपूर होती, १९३० पासून पुढच्या पंधरा-वीस वर्षांतली. शिकागोची कर्ट टीच ही त्यातली सगळ्यात मोठी कंपनी आणि तिच्या कार्डांवर तारीख जवळजवळ छापलेलीच असते, नंबरच्या सुरवातीला ५ए असेल तर १९३५, २बी असेल तर १९४२. ए म्हणजे तीसचं दशक, बी म्हणजे चाळीसचं. हे माहीत असलं की दोन मिनिटांत गठ्ठा लावून होतो.

फोटोंकडे वळलो तर सगळ्यात जास्त माल कार्त द व्हिजितचा, फ्रान्समधे दिस्देरीने १८५४ मधे पेटंट घेतलेलं छोटं माप, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला पातळ फोटो. हे बहुतेक अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर. ओळखायचं कसं, तर उजळ भाग पिवळसर पडलेले, भिंगाखाली कागदाचे तंतू दिसतात आणि कधी कधी पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं. पुठ्ठा पातळ आणि कोपरे चौकोनी असतील तर साधारण १८७० च्या आधीचं, गोल कोपरे नंतरचे, अगदी ठाम नियम नाही पण उपयोगी पडतो. अमेरिकन असेल तर पाठीवर महसूल तिकीट शोधा. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १ ऑगस्ट १८६४ पासून दोन वर्षं तिथे फोटोंवर कर होता, फोटोग्राफर तिकीट चिकटवून त्यावर सही-तारीख टाकायचा, म्हणजे फोटो त्या दोन वर्षांत विकला गेला हे पक्कं. मला मिळालेल्यात तिकिटावर पेनाने नुसती दोन अक्षरं आणि महिना खरडलेला, पुढे छोटी मुलगी खुर्चीला घट्ट धरून उभी, आणि खुर्चीच्या मागे पडद्याखाली कोणातरी मोठ्या बाईच्या बुटाचं टोक. मूल हलू नये म्हणून आई पडद्यामागे लपून धरायची ना, तेच. हे भिंगाशिवाय मला दिसलंच नसतं.

पत्र्यावरचे फोटो, टिनटाइप, यांना नाव टिनचं असलं तरी पत्रा लोखंडाचाच, १८५६ मधे पेटंट झालं. छोटं लोहचुंबक जवळ नेलं की ओढ लागते, पण मागच्या बाजूने न्या आणि चित्राला अजिबात टेकवू नका, ओरखडा गेला तर गेलाच. चित्र आरशासारखं उलटं असतं, त्यामुळे कोटाची बटणं उलट्या बाजूला, अंगठी दुसऱ्याच हातात. बंदूक डाव्या हातात दिसली म्हणून सैनिक डावखुरा ठरवून मोकळे होऊ नका. डॅगेरोटाइप ओळखायला तर काहीच नको, थोडं तिरकं धरलं की आरसा, अजून तिरकं केलं की कधी निगेटिव्ह कधी पॉझिटिव्ह. काचेवरचा अँब्रोटाइप असा पालटत नाही.

अतिनील (यूव्ही) टॉर्च घेऊन जा, खिशात मावते. १९५० च्या दशकापासून फोटोच्या कागदात चमक आणणारी रसायनं घालायला लागले, ती या उजेडात निळसर पांढरी झगमगतात. १९१० चा म्हणून दिलेला फोटो झगमगला तर ठेवून द्या. नाही झगमगला म्हणून जुनाच असं मात्र नाही, हे उलटं चालत नाही. दुसरी खूण, जुन्या जिलेटिन फोटोंमधे, म्हणजे कागदावर जिलेटिनचा थर असलेल्या, गडद भागावर निळसर धातूसारखी झाक येते, चांदी वर आलेली, तिरकं धरून बघा. खराबी असली तरी मला ती दिसली की बरं वाटतं, कारण नकली करायला फार अवघड.

वागण्याबद्दल थोडं. प्लास्टिकच्या पाकिटातून काढायच्या आधी विचारा. कडेने धरा, चित्रावर बोट नको. कार्डांसाठी कापडी हातमोजे घालून येणारे लोक होते, त्यांना कडा जाणवतच नव्हत्या आणि कोपरे दुमडत होते, धुतलेले कोरडे हात त्यापेक्षा बरे. खोक्यातला क्रम बदलू नका. आणि नाकाचा वापर करा, कुबट वास आला तर ते एकच कार्ड तुमचा पूर्ण संग्रह बिघडवू शकतं, कितीही आवडलं तरी ते वेगळं ठेवा.

घरी आणल्यावर पुसू नका, चिकटवू नका, चिकट पानांच्या अल्बममधे तर चुकूनही नाही. पाकिटं पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची, ज्या प्लास्टिकला बाथरूमच्या नव्या पडद्यासारखा वास येतो ते पीव्हीसी, नको. कागदी पाकीट घेणार असाल तर फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट (कागदामुळे फोटो बिघडतो का ते बघणारी चाचणी) पास झालंय का बघा, नुसतं ॲसिड फ्री लिहिलेलं पुरत नाही. काही लिहायचं तर मऊ पेन्सिलने मागे कडेला, बॉलपेन नाही. पोटमाळा आणि ओलीची भिंत दोन्ही टाळा. काकांची आणखी एक सूचना, तिकीट कितीही भारी असलं तरी कार्डावरून सोडवायचं नाही, स्टॅम्पवाले असूनही ते हे म्हणतात. खोक्यांमधे तिकीट उपटलेली कार्डं बघाल तेव्हा पटेल, शिक्का अर्धा गेलेला, तारीख त्या गेलेल्या अर्ध्यात.

जायचं असेल तर सकाळी खोक्यांसाठी आणि शेवटचा तासभर परत त्याच स्टॉलवर जा, तोपर्यंत विक्रेते आवरायला लागलेले असतात, निवांत बोलतात, आणि गठ्ठा कुठल्या घरातून आला, सोबत अल्बम होता का, हे विचारायला तीच वेळ बरी. सांगतील ते तिथल्या तिथे लिहून घ्या.