कानात काय लावून अभ्यास केलास?

"कानात काय लावून अभ्यास केलास, तेवढं आमच्या पोरीला सांग ना." सीए झाल्यापासून लग्नात, हळदीकुंकवाला, अगदी लिफ्टमध्येसुद्धा हे ऐकते. त्यामागोमाग ठरलेलं, "पण गाणी ऐकत अभ्यास होतो का गं?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

मी गाणी ऐकत नव्हते, तानपुरा लावायचे. मोबाइलच्या ॲपमधला, काळी चार या पट्टीत. एकाग्रता वाढावी म्हणून नाही. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत आतून लावता येईल असं दार फक्त बाथरूमला होतं. सातपासून मालिका, मग बातम्या, खाली पिठाची गिरणी. गिरणीचं काही वाटायचं नाही, तिची घरघर एकसारखी. पण कंपनी कायद्याचं कलम वाचताना मालिकेतल्या सासूचं वाक्य कलमात घुसायचं. हे माझ्या एकटीचं नाही. सालामे आणि बॅडली या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवलंय की आकडे ओळीने लक्षात ठेवताना नुसत्या वादनापेक्षा गायन जास्त आड येतं.

तानपुऱ्यात प सा सा सा, आणि पुन्हा तेच. तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने जवारी, म्हणजे तारेची झणझणती आस, खुलते आणि एका छेडीचा गुंजारव दुसरीत मिसळत राहतो. पुढे काय येणार याची कानाला वाट बघावी लागत नाही. राग लावून पाहिला होता. पण मी लहानपणी प्रवेशिकेपर्यंत गाणं शिकलेय. ख्याल सुरू झाला की मन समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघत बसतं, जर्नल एन्ट्री राहते बाजूला.

सीएच्या इंटर परीक्षेच्या पहिल्या ग्रुपचा निकाल लागला तेव्हा एका पेपरात चाळीस नव्हते, म्हणून अख्खा ग्रुप गेला. काका-काकू घरी आले होते. बाबा त्यांच्यासमोर म्हणाले, "दिवसरात्र कानात गाणी. दुसरं काय होणार?" मी काही बोलले नाही. हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि ॲप चालू केलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग विचारलं, "गाणं कधी सुरू होतं?"

"होत नाही, बाबा. एवढंच असतं."

काकू हसल्या. बाबांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळून तो टीपॉयवर ठेवला आणि टीव्ही लावला. आवाज नेहमीएवढाच.

इतके महिने मी त्यांच्यापासून चार हातांवर बसत होते, आणि मी काय ऐकते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. लोकलमध्ये लोंबकळून आलेल्या माणसाने बातम्या बघायच्या तरी कुठे, हेही मला कळतं. कळूनही त्या संध्याकाळचा राग गेलेला नाही.

मुलींच्या आया मोत्झार्टचं नाव काढतात, त्या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकलं की डोकं जास्त चालतं म्हणे. हे ज्या प्रयोगावरून म्हणतात तो १९९३ चा, 'नेचर'मध्ये आलेला. ३६ विद्यार्थ्यांना त्याची दोन पियानोंची सोनाटा ही रचना १० मिनिटं ऐकवली आणि ती संपल्यावर कागदाच्या घड्यांची कोडी घातली. फायदा टिकला जेमतेम १५ मिनिटं. अभ्यास चालू असताना कुणी काही ऐकलंच नव्हतं! तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या गव्हर्नरने नवजात बाळांना अशा संगीताच्या सीडी वाटायला सरकारी पैसा मागितला.

पूर्वी मी "शब्द नसलेलं काहीही लाव" असं सांगून मोकळी व्हायचे. आता तसं सांगवत नाही. माझा धाकटा भाऊ ढोल-ताशा लावून इंजिनिअरिंगची गणितं करायचा आणि त्याची सुटायची. मी स्वतः कॉस्टिंग जुन्या हिंदी गाण्यांवर केलंय, कारण पायऱ्या हाताला पाठ होत्या. थिअरीला तीच गाणी चालायची नाहीत. परीक्षा हॉलमध्ये तानपुरा नसणार म्हणून शेवटच्या महिन्यात तोही बंद केला, तर शांतताच टोचायला लागली. ते बरं केलं की वाईट, अजून ठरत नाही.

तेव्हा माझ्याकडे यादी मागू नका. घरातला कोणता आवाज नकोसा होतो, ते पोरीला विचारा, आणि बंद करता येण्यासारखा असेल तर तो आधी बंद करा.

माझ्या आताच्या खोलीला दार आहे. तरी सप्टेंबरात टॅक्स ऑडिटच्या फायली आल्या की मी तानपुरा लावतेच, बाहेर कुणी बोलत नसलं तरी. मग कशासाठी, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही.