उण्या चिन्हाचे पदार्थ

दहावीच्या पुस्तकातले पाण्याचे असंगत आचरण बहुतेकांना आठवत असेल. 0 अंश सेल्सिअसचे पाणी तापवू लागलो की 4 अंशांपर्यंत त्याचे आकारमान वाढण्याऐवजी कमी होते. होपच्या उपकरणाची आकृती काढायची, बर्फाखाली मासे कसे जगतात ते लिहायचे, की तो विषय संपला. पुस्तकात हा पाण्याचा एक लहरीपणा म्हणून येतो, पण प्रसरणांक (तापवल्यावर पदार्थ किती फुगतो ते सांगणारा अंक) उणा असलेले पदार्थ बरेच आहेत. प्रसरणांकच कशाला, अपवर्तनांक, केल्विनमधले निरपेक्ष तापमान, विद्युत रोध, इतकेच काय पण वस्तुमान, ह्या प्रत्येक राशीच्या बाबतीत कुणी ना कुणी संशोधकाने उणे चिन्ह गांभीर्याने घेतलेले आहे. बातम्यांमध्ये हे सगळे 'निगेटिव्ह मटेरियल' म्हणून एकाच पोतडीत जाते आणि वाचकाला वाटते की प्रयोगशाळेत काहीतरी उलट्या जातीचे द्रव्य सापडले आहे. माझे म्हणणे असे की हे चिन्ह द्रव्याच्या एखाद्या प्रतिसादाला लागलेले असते, आणि तेही ठरावीक तापमानात, ठरावीक वारंवारतेला किंवा ठरावीक दिशेने मोजले तरच. बातमीत नेमकी ही अट गळून पडते.

झिर्कोनियम टंगस्टेट घ्या. 1996 मध्ये अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठातील आर्थर स्लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हे संयुग निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळपासून थेट 1050 केल्विनपर्यंत तापवत नेले तरी आकसतच जाते, आणि तेही सर्व दिशांनी सारखेच. पोलादाची 1 मीटर लांबीची कांब 100 अंशांनी तापवली तर ती सुमारे 1.2 मिलिमीटरने लांबते; खोलीच्या तापमानाच्या आसपास ह्या संयुगाची तेवढीच कांब सुमारे 0.9 मिलिमीटरने आखूड होईल. अणूंमधले बंध मात्र उष्णतेने आखूड होत नाहीत. टंगस्टन आणि झिर्कोनियम ह्यांच्यामध्ये ऑक्सिजनचा एक अणू असतो आणि तापमान वाढले की तो आडव्या दिशेने अधिकाधिक जोराने कंप पावतो. दोन मुलींनी धरलेली उड्यांची दोरी जोरात फिरू लागली की त्यांचे हात जसे एकमेकींकडे ओढले जातात, तसे हे दोन धातूंचे अणू जवळ येतात. प्रत्येक बंध आपल्या जागी नेहमीसारखाच वागतो. आकसते ती एकूण रचना.

उण्या प्रसरणाचा उपयोग मात्र ह्या संयुगाच्या शोधापेक्षा जुना आणि घरगुती आहे. आकसणारे सूक्ष्म स्फटिक आणि प्रसरण पावणारी काच ह्यांचे प्रमाण जुळवले की प्रसरण जवळजवळ शून्यावर येते. हवाईमधील केक दुर्बिणींच्या आरशांचे तुकडे, प्रत्येक आरशात 36, अशाच काचमिश्रित सिरॅमिकचे आहेत, आणि चांगल्या शेगडीची काळी काच ह्याच कुळातली असते.

प्वासाँच्या गुणोत्तराची कथा थोडक्यात सांगता येईल. पदार्थ लांबीने ताणला की रुंदीने बारीक होतो, किती होतो ते हे गुणोत्तर सांगते. पोलादासाठी ते सुमारे 0.3 असते, तर बुचासाठी जवळजवळ शून्य. 1987 मध्ये रॉडरिक लेक्स ह्यांनी साधा पॉलियुरेथेन फोम तिन्ही दिशांनी दाबून साच्यात बसवला, मऊ होईपर्यंत तापवला आणि त्याच अवस्थेत थंड केला. फोमच्या पोकळ्यांच्या भिंती आत दुमडल्या गेल्या, त्यामुळे पुढे तो ताणला की त्या दुमडी उघडत आणि फोम रुंदीनेही फुगे. रसायन तेच राहिले, बदलला तो पोकळ्यांचा आकार. 1998 मध्ये रे बॉमन आणि सहकाऱ्यांनी तर दाखवले की घनीय स्फटिकरचनेच्या 69 टक्के धातूंमध्ये एका विशिष्ट कर्णदिशेने ताण दिल्यास हे गुणोत्तर एका आडव्या दिशेत उणे येते. म्हणजे रोजच्या वापरातले कितीतरी धातू एका दिशेपुरते 'निगेटिव्ह' असतात, पण तशी बातमी कुणी छापणार नाही.

प्रकाशाच्या बाबतीत प्रकरण अधिक खोल आहे. 1967 मध्ये मॉस्कोतील भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर वेसेलागो ह्यांनी प्रश्न मांडला की विद्युत क्षेत्राला आणि चुंबकीय क्षेत्राला मिळणारे दोन्ही प्रतिसाद एकाच वेळी उणे असतील तर काय होईल. अपवर्तनांक उणा होईल, स्नेलचा नियम शाबूत राहील, पण अपवर्तित किरण स्तंभिकेच्या पलीकडे न जाता आपाती किरणाच्याच बाजूला वळेल. चांदीसारख्या धातूचा विद्युत प्रतिसाद दृश्य प्रकाशाला उणा असतोच. अडचण चुंबकीय प्रतिसादाची होती, कारण दोन्ही उणे असलेला पदार्थ निसर्गात हाती लागत नव्हता. 1999 मध्ये लंडनच्या जॉन पेंड्री ह्यांनी फट ठेवलेल्या धातूच्या कड्यांची युक्ती सुचवली आणि 2001 मध्ये सॅन डिएगो येथील शेल्बी, स्मिथ आणि शुल्ट्झ ह्यांनी सर्किट बोर्डावर तांब्याच्या कड्या आणि पट्ट्या छापून, त्यांच्या 5 मिलिमीटरच्या घरांपासून एक लोलक बनवला. सुमारे 3 सेंटिमीटर तरंगलांबीच्या सूक्ष्मतरंगांसाठी त्याचा अपवर्तनांक उणे 2.7 भरला. शेजारी तुलनेसाठी टेफ्लॉनचा लोलक होता, त्यातून तरंग नेहमीच्या बाजूला वळले.

पुढच्याच वर्षी टेक्सास विद्यापीठातील पी. एम. वलंजू आणि सहकाऱ्यांनी ह्या निष्कर्षाला जाहीर आव्हान दिले: खरा संकेत एकाच वारंवारतेचा नसतो आणि त्याची पुढची कड नेहमीच्याच बाजूला वळते, असा त्यांचा युक्तिवाद होता. 2003 मधील नव्या प्रयोगांनी ऋण अपवर्तनाला दुजोरा दिला, तरी वादाच्या मुळाशी असलेली गोष्ट खरीच होती आणि वेसेलागोंनी ती आधीच लिहून ठेवली होती. सर्व वारंवारतांना दोन्ही प्रतिसाद उणे असते, तर क्षेत्राची ऊर्जाच उणी आली असती, म्हणून वारंवारतेबरोबर प्रतिसाद बदलणे अटळ आहे. अशा तीव्र बदलाबरोबर शोषणही येते, आणि धातूत ते दृश्य प्रकाशाला इतके होते की पेंड्रींनी 2000 मध्ये कल्पिलेले परिपूर्ण भिंग (उण्या अपवर्तनांकाचे, तरंगलांबीहून बारीक तपशीलही दाखवणारे) प्रयोगशाळेत फारच मर्यादित स्वरूपात उतरले. अदृश्य करणाऱ्या झग्याच्या बातम्या वाचताना मला हे शोषण नेहमी आठवते.

राहिले वस्तुमान. 2017 मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या गटाने अतिशीत रुबिडियम अणूंचा असा द्रव तयार केला की लोटल्यावर तो लोटणाऱ्याच्या दिशेने येई, आणि जगभर 'ऋण वस्तुमान सापडले' असे छापून आले. शोधनिबंधात शब्द होता प्रभावी वस्तुमान, म्हणजे बल लावल्यावर कण जसा हलतो त्यावरून गणितात येणारे वस्तुमान. लेसरच्या साहाय्याने त्या अणूंची ऊर्जा आणि संवेग ह्यांचा परस्परसंबंध बदलला होता. गुरुत्वाकर्षणाला ते अणू नेहमीचेच रुबिडियम होते. तसे पाहिले तर सिलिकॉनच्या संयुजा पट्ट्याच्या (बंधांतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्याच्या) माथ्याजवळील इलेक्ट्रॉनचे प्रभावी वस्तुमानही उणेच असते, म्हणून तिथल्या रिकाम्या जागेला धन प्रभाराचा कण मानून गणित करतात, आणि आपल्या खिशातला मोबाइल त्यावर चालतो. खरोखर द्रव्यालाच चिटकलेले उणे चिन्ह गणितज्ञ हर्मन बाँडी ह्यांनी 1957 मध्ये सापेक्षतेच्या चौकटीत तपासले होते, परंतु तसा नमुना कुणाच्याही हाती लागलेला नाही. प्रतिद्रव्य (साध्या द्रव्यातल्या कणांच्या उलट प्रभाराच्या कणांचे द्रव्य) तरी वर पडेल अशी काहींना आशा होती. 2023 मध्ये सर्न ह्या जिनिव्हाजवळील कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतील आल्फा प्रयोगाने प्रतिहायड्रोजनचे अणू मोकळे सोडून पाहिले. ते खाली पडले, आणि त्यांचे त्वरण मोजणीच्या अनिश्चिततेत साध्या पदार्थाच्या त्वरणाशी जुळले.