दादाची कात्री आणि माझी आयव्ही

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाच्या बागेतलं. आमच्याकडे घरातली कार्यंसुद्धा छाटणीच्या तारखा बघून ठरतात. माझं लग्न मे महिन्यात झालं ते काही मुहूर्त चांगला होता म्हणून नव्हे, एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे काड्या मुळाजवळ आखूड कापायची छाटणी, उरकली होती म्हणून. ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी, तेव्हा तर पाहुणासुद्धा जड होतो. कात्रीचा कचकच आवाज ऐकत मोठी झालेली मी, आणि कोथरूडच्या गॅलरीतल्या आयव्हीच्या एका शोभेच्या वेलीला कात्री लावायला मला तीन वर्षं लागली.

कारण सांगायलाही लाज वाटते. मला तिच्या लांबीचा अभिमान होता. नर्सरीतून काळ्या पिशवीतलं वीतभर रोप आणलं होतं, पांढऱ्या कडेच्या पानांचं. उत्तरेच्या गॅलरीत कुंडी टांगली आणि वेल खाली सुटली. एकदा शिवणकामाच्या टेपनं मोजली तर सात फूट चार इंच. आल्यागेल्याला मी ते दाखवत असे. कुंडीकडे मात्र कुणी बघू नये असं वाटायचं. तिथे नुसत्या तपकिरी दोऱ्या आणि पानं सगळी टोकाला. सासूबाई एका वाक्यात म्हणाल्या, "वर टक्कल नि खाली शेपटी. तुळशीच्या मंजिऱ्या रोज खुडतेस, मग हिचंच एवढं काय?"

त्यांचं बरोबर होतं. वेलीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, झोपवून ठेवतं. शेंडा गेला की पहारा उठतो आणि डोळे फुटतात. तुळस खुडून दाट होते ती यामुळेच, आणि द्राक्षात सात-आठ पानांवर शेंडा मारून सबकेन, म्हणजे बगलेतली उपकाडी, काढतात तीही याच हिशेबानं. मला हे सगळं ठाऊक होतं. हात धजत नव्हता, एवढंच.

शेवटी गेल्या वर्षी एप्रिलात धीर केला. एप्रिलच का, तर माहेरी एप्रिलात छाटतात म्हणून! द्राक्षासारखीच खरड छाटणी केली, सगळ्या दोऱ्या कुंडीपासून चार बोटांवर. आणि मग पुण्याचा मे आला. आयव्ही मुळात युरोपातली, थंडीत सुखावणारी. उन्हाळ्यात ती नुसती जीव धरून असते, आणि मी नेमकं तेव्हाच तिचं अंगावरचं सगळं काढून घेतलं. दीड महिना एक नवा कोंब नाही. उरलेली पाच-सहा पानं बारीक ठिपके पडून राखाडी झाली. पालथं करून पाहिलं तर जाळी, म्हणजे लाल कोळी. कोरड्या गरम हवेत ही कीड आयव्हीवर हमखास येते. कुंडी बाथरूममध्ये नेऊन नळाच्या धारेखाली पानांची खालची बाजू धुतली, दर चार दिवसांनी, चांगल्या पाच वेळा. दोन दोऱ्या मेल्याच. बाकीच्या पावसाळा लागल्यावर सावरल्या.

दादाला फोनवर सांगितलं तर तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "अगं, द्राक्षाला ऊन पायजे. तुझ्या वेलीला काय पायजे ते तिला विचारलंस का?"

दुसरी छाटणी दिवाळीनंतर, हवेत गारवा आल्यावर. या खेपेला एकदम सगळं नाही. जास्तीत जास्त एक तृतीयांश, बाकीचं तीन आठवड्यांनी. दादा व्हिडिओ कॉलवर. "डोळा दिसतोय का? पान जिथं काडीला चिकटतं त्या बगलेत. त्याच्या वर पाव इंच ठेव. खूप वर कापलंस तर वरचं खुंट वाळतं, डोळ्याला खेटून कापलंस तर डोळाच जातो." कात्री त्यानं आधी स्पिरिटनं पुसायला लावली. भाजीची कात्री बघून तोंड वाकडं केलं ते वेगळंच.

बागेतली आणखी एक सवय इथे उपयोगी पडली. द्राक्षाचं कलम डॉगरिज नावाच्या दुसऱ्या द्राक्षवेलीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, असतं, आणि खुंटातून आलेली फूट दिसली की बाबा चालता चालता ती ओरबाडून टाकत. माझ्या पांढऱ्या कडेच्या आयव्हीतून एक फूट पूर्ण हिरवी आली. इथे कलम वगैरे काही नाही, ते झाडच मूळच्या हिरव्या रंगावर जातं. पण पुढचा प्रकार तसाच. हिरव्या पानात हरितद्रव्य जास्त, त्यामुळे ती फूट जोरात वाढते आणि पांढऱ्यांना मागे टाकते. शेंडा खुडून भागत नाही, ती निघते तिथूनच काढावी लागते. मी ती दोन आठवडे ठेवली, कारण दिसायला तीच सगळ्यात तरतरीत होती. मग काढली.

आकार देण्याचं खूळ डिसेंबरात शिरलं. हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमची जाड तार आणली, पोळपाटाभोवती वाकवून गोल केला आणि दोन्ही टोकं कुंडीत खोल खोचली. मला वाटलं, वेल आपोआप चढेल. द्राक्षाला तणावे असतात, तार सापडली की ते स्वतःच विळखा घालतात. आयव्हीकडे तणावे नाहीत आणि ती पीळ घालूनही चढत नाही. तिला काडीवर बारीक मुळं फुटतात आणि ती खरबरीत भिंतीला, झाडाच्या सालीला चिकटतात. गुळगुळीत तारेवर त्यांना काही धरता येत नाही. म्हणून कोवळ्या काड्या हातानं गुंडाळायच्या, दोन्ही बाजूंनी एकेक, आणि जुन्या सुती साडीच्या चिंध्यांनी सैल बांधायच्या. जून काडी वाकवायला गेले तर कट्‌कन मोडली. त्यानंतर बाहेर झुकणारा प्रत्येक शेंडा एकतर आत वळवायचा नाहीतर दोन पानांवर खुडायचा. कुंडी दर रविवारी पाव वळण फिरवते, नाहीतर उजेडाकडची बाजू गुबगुबीत होते आणि भिंतीकडची उघडी पडते. फेब्रुवारीपर्यंत गोल भरला. थोडा लंबगोल आहे. सासूबाई त्याला "तुझी चाळणी" म्हणतात.

हातमोज्यांचं मात्र आधी कुणी सांगितलं नव्हतं. छाटल्यावर मनगटावर लाल चट्टे उठले, दोन दिवस खाज. आयव्हीच्या चिकात फाल्कॅरिनॉल नावाचं द्रव्य असतं, ते काहींच्या कातडीला बाधतं. पानं पोटात गेली तर कुत्र्यामांजरांना त्रास होतो. शेजारचं मांजर आमच्याच गॅलरीत दुपार काढतं, म्हणून खाली पडलेलं पानन्‌पान मी लगेच गोळा करते.

कापलेल्या काड्या फेकायचा प्रश्नच नव्हता, शेतकऱ्याची पोर आहे. चार-चार बोटांचे तुकडे, खालची पानं काढलेली, निदान एक डोळा पाण्यात बुडेल असे, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. तीन दिवसांनी पाणी बदलायचं. साधारण तीन आठवड्यांत मुळं दिसली. आता बिल्डिंगमध्ये सात घरांत माझी आयव्ही आहे, आणि त्यातल्या पाच जणी ती लांब सोडून कौतुकानं मोजताहेत.

यंदा भाऊबीजेला दादा अर्ध्या दिवसासाठी आला. ओवाळून झालं, जेवण झालं, आणि हा गॅलरीत. डाव्या बाजूची एक काडी मी मुद्दाम राखली होती, गोलाच्या वर एक छोटा तुरा करायचा म्हणून. दादानं खिशातून स्वतःचा सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, काढला, न विचारता ती काडी दोन डोळ्यांवर आणली आणि म्हणाला, "आता बघ, दोन फुटतील." मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आज अठरावा दिवस. एक डोळा फुटलाय, तांदळाच्या दाण्याएवढा. दुसरा तसाच आहे. दादाचा दोनदा फोन येऊन गेला, दोन्ही वेळा मी विषय बागेतल्या थंडीवर नेला.