‘आठवत नाही, दिसतं’

विजेच्या तारांवर काम करणाऱ्या त्या गृहस्थांच्या चिठ्ठीत ‘नैराश्य, झोप नाही’ एवढेच लिहिले होते. पत्नीने मात्र बसता बसताच सांगितले, ‘मॅडम, यांनी धसका घेतलाय.’ सोबत काम करणारा सहकारी त्यांच्या डोळ्यांदेखत शॉक लागून गेला होता आणि त्याला काही महिने उलटले होते.

आघातोत्तर विकाराचे (पीटीएसडी, म्हणजे भयंकर घटनेनंतर मनात घर करून राहणारा आजार) निदान करताना आम्ही आधी घटना पाहतो: मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार, प्रत्यक्ष वा त्यांचा धोका, स्वतःवर ओढवलेला किंवा समक्ष पाहिलेला. लक्षणेही महिन्याहून अधिक टिकावी लागतात. १९८० साली अमेरिकी निदानपुस्तिकेत हा विकार प्रथम नोंदला गेला, तेव्हापासून घटनेची व्याख्या वरचेवर बदलली आहे. एरवी साहेबाने चारचौघांत झापले तरी लोक सर्रास ‘ट्रॉमा’ म्हणतात. ते दुःख खोटे नसते, पण त्याला हे नाव दिले की उपचाराची दिशा चुकते. आणि ज्यांना खरोखर आघात झालेला असतो, ते हा शब्द क्वचितच उच्चारतात.

या गृहस्थांना मी या विकारासाठीची, इंग्रजीतून मराठी केलेली २० प्रश्नांची प्रश्नावली समोर बसून वाचून दाखवली. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण. ‘नकोशा आठवणी वारंवार येतात का?’ शून्य. ‘तो प्रसंग पुन्हा अनुभवास येतो का?’ यावर ते नुसतेच माझ्याकडे पाहत राहिले, मग शून्य. ‘त्या घटनेची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळता का?’ तेही शून्य. बेरीज ३१ च्या खाली राहिली, म्हणजे नियमाप्रमाणे या विकाराचा संशय घ्यायला जागा नाही.

कागद बाजूला ठेवून गप्पा सुरू केल्यावर ते म्हणाले, ‘आठवत नाही हो, दिसतं. जेवताना पण समोर दिसतं.’ घरातला दिवा कोण लावतो, असे विचारले तेव्हा ते सहज म्हणाले, ‘मुलगा. मी बटणाला हात लावत नाही.’ पण त्यांच्या लेखी हे टाळणे नव्हतेच. शब्दकोश उघडून प्रश्नावलीचे मराठी करणाऱ्यांना अशा माणसाशी बोलायची वेळ बहुधा आलेली नसते.

निदान मुलाखतीवरून होते, प्रश्नावली केवळ चाळणी असते. त्यामुळे त्यांचे उपचार सुरू झाले. प्रश्न समजावून सांगितला तर गुण ग्राह्य धरता येत नाहीत, असे माझे ज्येष्ठ सहकारी बजावतात आणि शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे. मात्र आमच्याकडे बहुतेकांना ही प्रश्नावली बाहेरच्या बाकावर बसून भरायला देतात आणि बेरीज कमी आली की तो कागद माझ्यापर्यंत येतच नाही.