एकोला दिसते ते क्रॉनला दिसत नाही : माझा अनुभव

उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस या डेटाबेसचा बॅकअप क्रॉनने, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामने, रोज रात्री घ्यावा, एवढेच काम होते. बॅकअप घेणारा पीजी_डम्प हा प्रोग्राम पासवर्ड 'पीजीपासवर्ड' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे सुरू होताना बाहेरून मिळणाऱ्या नाव-मूल्याच्या जोडीतून, घेतो. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीची सूचना एका ओळीची होती : व्हेरिएबल बॅशआरसी फाइलमध्ये लिहा आणि एको वापरून तपासा. (शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम; बॅशआरसी ही बॅश नावाचा शेल टर्मिनल उघडताच वाचतो ती फाइल, आणि एको ही दिलेला मजकूर पडद्यावर दाखवणारी आज्ञा.) या अर्धवट सूचनेचा मला अजूनही राग आहे.

एकोने काहीच सिद्ध होत नाही. व्हेरिएबलच्या जागी त्याचे मूल्य शेल स्वतःच घालतो, त्यामुळे एक्स्पोर्ट न केलेले, म्हणजे इतर प्रोग्रामांना द्यायचे असे न सांगितलेले, व्हेरिएबलही तेथे दिसते. बाहेरच्या प्रोग्रामला मात्र सुरू होताना फक्त एक्स्पोर्ट केलेल्या व्हेरिएबलांची प्रत मिळते. म्हणून तपासणी प्रिंटएन्व्हने करावी, कारण तो स्वतः वेगळा प्रोग्राम आहे आणि आपल्याला मिळालेली व्हेरिएबले छापून दाखवतो.

एक्स्पोर्ट लिहिताच टर्मिनलवरून बॅकअप झाला, पण क्रॉनमधून चालवल्यावर पासवर्ड पुरवलेला नाही, एवढेच लॉगमध्ये येत राहिले. क्रॉन आपले काम साध्या एसएच शेलमधून चालवतो आणि बॅशआरसी वाचतच नाही, हे कळल्यावर मी ती फाइल बॅकअपच्या आज्ञा असलेल्या स्क्रिप्टमध्येच सोर्स केली, म्हणजे तिच्या ओळी त्याच शेलमध्ये चालवल्या, तरीही लॉगमधली ओळ बदलली नाही. उबुंटूच्या बॅशआरसीमध्ये अगदी सुरुवातीला एक अट असते : शेल इंटरॅक्टिव्ह (माणूस समोर बसून वापरत असलेला) नसेल तर तेथूनच परत फिरा. माझी एक्स्पोर्टची ओळ फाइलच्या शेवटी होती, म्हणजे क्रॉनमधून चालताना शेल तिच्यापर्यंत कधी पोहोचतच नव्हता, आणि कोणतीही एरर न देता परत फिरत असल्यामुळे कारण शोधायला धागाच मिळत नव्हता. तो सापडला तो क्रॉनमधूनच प्रिंटएन्व्ह चालवून त्याचे आउटपुट फाइलमध्ये घेतल्यावर. त्या छोट्याशा यादीत पीजीपासवर्ड नव्हतेच. ती यादी पाहून मला फार मोठा दिलासा मिळाला, आणि क्रॉनच्या प्रत्येक अडचणीत पहिल्यांदा हेच करावे, असे माझे ठाम मत आहे.

व्हेरिएबले वेगळ्या फाइलमध्ये एक्स्पोर्टसह लिहून तीच स्क्रिप्टमध्ये सोर्स केल्यावर बॅकअप नियमित होऊ लागला. ती फाइल प्रोग्रामसारखी चालवून उपयोग नाही, कारण तशी ती वेगळ्या चाइल्ड प्रोसेसमध्ये चालते आणि तिथला बदल तिला सुरू करणाऱ्या पेरेंटकडे परत येत नाही. त्या फाइलमध्ये बरोबरच्या (=) चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडू नये, हेही येथेच सांगतो. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीच्या फाइलमध्ये, वरच्या ओळींत व्हेरिएबले थेट लिहिता येतात, मात्र तेथे डॉलर चिन्हाने जुने मूल्य जोडता येत नाही. पासवर्डापुरता पीजीपास या पोस्टग्रेसच्या पासवर्ड-फाइलचा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो. तिची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवावी, कारण इतरांना वाचता येणारी फाइल पोस्टग्रेस विचारातच घेत नाही.