मनीऑर्डर घेणारी

मी राहते त्या कॉर्क शहरातून लोकल ट्रेनने पंचवीसेक मिनिटांत कोव्ह बंदर येतं. आयर्लंड सोडून अमेरिकेला निघालेल्या लाखो माणसांनी मायदेशाचा निरोप घेतला तो इथून. तेव्हा या गावाचं नाव क्वीन्सटाउन होतं. धक्क्याजवळ ॲनी मूर आणि तिच्या दोन भावांचा पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कला एलिस बेटावर स्थलांतरितांची नोंद करणारं नवं केंद्र उघडलं, तेव्हा तिथे पहिली नोंद झाली ती या मुलीची. कोकणातून कोणी पाहुणे आले की मी त्यांना कोव्ह दाखवतेच. त्यांना फार काही समजावून सांगावं लागत नाही. भाऊचा धक्का, बोट, ट्रंक, किनाऱ्यावर उभी असलेली आई, हे सगळं आपल्याही घरांतलं आहे.

एक फरक मात्र मोठा. इथे मूल अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री शेजारी घरी जमायचे आणि मयताच्या घरी जागतात तशी रात्र जागवायचे, कारण ते पुन्हा दिसेल अशी आशा फारशी कोणी धरत नसे. आपला चाकरमानी गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा. गेलाही आणि गेला नाहीही. आमच्या गावात देवासमोर गाऱ्हाणं घालताना पोटापाण्यासाठी मुंबईला असलेल्यांचं रक्षण कर म्हणून सांगतात आणि सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. जनगणनेत तो मुंबईचा, गाऱ्हाण्यात तो गावचाच.

अर्थशास्त्रातली स्थलांतराची गोष्ट बराच काळ एकट्या जाणाऱ्याची होती. आर्थर लुईस यांनी १९५४ साली मांडलं की शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसं अडकलेली असतात, ती कारखान्याकडे गेली तरी शेतीचं उत्पन्न फारसं घटत नाही. हॅरिस आणि टोडारो यांनी १९७० साली दाखवलं की शहरात बेकारी असली तरी माणूस जातो, कारण तिथला पगार आणि नोकरी लागण्याची शक्यता, दोन्हींचा मेळ घालून तो ठरवतो. परळ-लालबागला हे अगदी लागू पडतं. मुकादम ओळखीचा, खोली गाववाल्यांची, झोपायचं पाळीपाळीने. या सगळ्याने नोकरी लागण्याची शक्यता वाढत होती.

पण लुईस यांची ती ‘जास्तीची माणसं’ आमच्या देवगडकडच्या घरात कधी होती, हे मी कितीदा शोधलं. आजोबा गिरणीत गेले आणि त्यांच्या वाट्याचं काम आजीकडे आलं. भाजावळ, तरवा, लावणी, कापणी, झोडणी, शिवाय गोठा. नांगर धरायला पुरुष लागायचा, तो तिनेच बघायचा. त्याची मजुरी पैशात द्यायची की भातात, हे मनीऑर्डर वेळेवर आली का त्यावर ठरायचं. शेतीचं उत्पन्न घटलं नसेल तर ते तिने घटू दिलं नाही म्हणून. सिद्धांतात या कष्टाला जागा नाही, आणि मला हे फार लागतं.

पुढे १९८५ साली ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी म्हटलं की स्थलांतराचा निर्णय एकटा माणूस घेत नाही, कुटुंब घेतं. एकाने शहरात कमवायचं, बाकीच्यांनी जमीन सांभाळायची. पाऊस बुडाला तर पगार आहे, नोकरी गेली तर भात आहे. हे वाचताना वाटलं, अखेर कोणीतरी आमचं घर पाहिलं. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनीही दाखवलं आहे की गावाशी टिकवलेल्या नात्यामुळेच मुंबईच्या कामगारांना संप लांबवता आले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यातले कितीतरी कोकणात परतले आणि बायकांनी पिकवलेल्या भातावर महिने काढले.

तरी माझं एक म्हणणं उरतंच. कुटुंब ठरवतं म्हणजे घरातलं कोण ठरवतं? आजीला कोणी विचारलं होतं?

जॉर्ज ॲकरलॉफ आणि रेचल क्रँटन यांनी २००० साली अर्थशास्त्रात माणसाच्या स्वतःच्या ओळखीचा विचार आणला. आपण कोण आहोत या भावनेला जपणारी कृती माणसाला समाधान देते, तोट्याची असली तरी. वर्षातले बहुतेक महिने कुलूप असणारी, गावातली चाकरमान्यांची चिरेबंदी घरं यातून नीट समजतात. पण हीसुद्धा जाणाऱ्याचीच ओळख. आपल्या गोष्टींमध्येही तेच. चाळीतला एकटेपणा, गावाची ओढ, ट्रंक घेऊन वाडीत शिरणारा बाबा, हे आपण भरभरून सांगितलं. त्याला उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळणारी बाई त्या एका प्रसंगापुरती येते. मागच्या सबंध पावसाळ्यात तिने काय काय ठरवलं, ते गोष्टीत येत नाही. ठरवून ठरवून ती बदलली असणारच. स्थलांतराने तिचीही ओळख घडवली, ती गाव न सोडता.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०३६. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांत घटली होती. म्हणजे आजीची गोष्ट संपलेली नाही. माझा चुलतभाऊ मालवाहू जहाजावर आहे आणि वहिनी गावात काजूची बाग करते आहे. परवा फोनवर म्हणाली, “पैशे माझ्या खात्यात येतत गो, पण बागेसाठी कर्ज मागूक गेलंय तर सातबारो मागतत, आणि तो तुझ्या दादाच्या नावार.”

शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेत घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा असं पुरुषांना सांगितलं, त्याला कितीतरी वर्षं झाली. त्याच नावाची सरकारी योजना आहे. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. वहिनीला ती माहीत नव्हती, दादालाही नव्हती. मे महिन्यात तो जहाजावरून उतरतोय, तेव्हा दोघांनी मिळून तलाठ्याकडे जायचं ठरलंय. कागद कोणते लागतील ते मी विचारून ठेवते आहे. तुमच्या गावात कोणी हे केलं असेल तर मला जरूर कळवा, वहिनीला सांगेन.