तुम्ही विचारलंत म्हणून: स्टॅटच्या तासाला टिकल्या कशाला?

‘मॅडम, स्टॅटच्या तासाला टिकल्यांचं पाकीट कशाला?’ स्टाफरूममध्ये विचारतात, पालकसभेत विचारतात. परवा एसटीत शेजारी बसलेल्या एका आईनंही विचारलं.

मी सांगलीत बी.कॉम.च्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. पहिल्या तासाला फळ्यावर सिग्मा, म्हणजे बेरजेचं चिन्ह, काढला की मागच्या बाकांवरच्या माना खाली जातात. बेरीज-भागाकार सगळ्यांना येतो हो. पण त्या चिन्हाआड काय आहे ते दिसत नाही, आणि धास्ती असते ती त्याचीच.

म्हणून आधी फळ्यावर नुसती आडवी रेघ ओढते. एका मिनिटाला एक सेंटीमीटर. घरून कॉलेजात यायला जितकी मिनिटं लागतात, तिथं आपली टिकली लावायची. सुरुवातीला पाचच जण. विश्रामबाग 10, हरिपूर 15, माधवनगर 20, मिरज 25. आणि जतहून एसटीनं येणारी मुलगी, 130. टिकली लावायला ती पार फळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाते.

सरासरी येते 40. पण चाळीस मिनिटं तर कुणालाच लागत नाहीत! मधली टिकली कुणाची? माधवनगरचा मुलगा हात वर करतो. हा मध्यक, 20.

मग 40 पासून प्रत्येक टिकलीपर्यंत दोरा. डावीकडचे चार दोरे, 30, 25, 20 आणि 15, एकापुढे एक ठेवले की 90 सेंटीमीटर. जतचा एकटा दोराही 90. डावीकडचे फरक उणे, उजवीकडचा अधिक; दोन्ही बाजू फिटतात, म्हणून फरकांची बेरीज शून्य. म्हणून प्रमाणित विचलनात, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते मोजताना, त्या फरकांचे वर्ग करायचे, उणे चिन्ह जातं. मी शिकत होते तेव्हा हे मला कुणी दाखवलं नाही, मी नुसतं पाठ केलं.

हा पोरखेळ आहे, असं काही सहकारी म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम यांनी 1973 साली आकड्यांचे चार संच मांडले. सरासरी, सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीनं बदलतात ते) चारही ठिकाणी जवळपास तेच. आलेख काढला तर एक कमानीसारखा वाकलेला, एकात एकच बिंदू रेघ सोडून उभा. चित्र न काढणारा तिथं फसतोच.

परीक्षेत सूत्रच येतं, तेही मी घोटून घेते. सगळ्यांची भीती जाते असंही नाही. पण यंदा जतची ती मुलगी, तोवर एक शब्द न बोललेली, फळ्याकडे बघत म्हणाली, ‘मॅडम, माझी टिकली काढली तर सरासरी साडेसतराच येते. माझ्या एकटीमुळे साडेबावीस मिनिटं वाढली.’